हौशी बालसाहित्याचा खरा सत्कार

डिसेंबर-जानेवारीत शाळाशाळांतून स्नेहसंमेलने पार पडतात आणि त्यांपैकी अनेक ठिकाणी एका हस्तलिखिताचे प्रकाशन होते. रंगीत कागदाचे वेष्टन, मुखपृष्ठावर सरस्वती किंवा उगवता सूर्य, आत सुवाच्य अक्षरांत उतरविलेल्या कविता, गोष्टी आणि कोडी. प्रमुख पाहुणे फीत सोडतात, दोन पाने उलटतात, या बालकांतूनच उद्याचे साहित्यिक निर्माण होणार असल्याचे भाकीत करतात आणि टाळ्यांच्या गजरात ते हस्तलिखित मुख्याध्यापकांच्या कपाटात जाते. एखाद्या सेवानिवृत्त शिक्षकाने वा कारकुनाने पदरमोड करून छापलेल्या बालकथांच्या पुस्तिकेची कहाणी याहून फारशी वेगळी नसते. शाल, श्रीफळ, चार भाषणे, आप्तेष्टांत वाटलेल्या प्रती आणि माळ्यावर चढलेले गठ्ठे. कौतुकाची वाण कोठेच नसते. वाण असते ती पुस्तिका वाचून, मुलांना वाचून दाखवून, तिच्याविषयी चार खरे शब्द लेखकाला सांगणाऱ्या माणसाची.

अभिप्राय देणे ही शिकण्याजोगी विद्या आहे, हे आता महाराष्ट्रातही मान्य होऊ लागले आहे. सर्जनशील लेखनाचे वर्ग आणि कार्यशाळा यांतून विद्यार्थी परस्परांचे लेखन वाचतात, त्याची चिकित्सा करतात, आपले लेखन दुसऱ्याच्या चिकित्सेखाली ठेवतात. परंतु ही विद्या बहुधा प्रौढांच्या कथा-कवितेपुरतीच राबते. बालसाहित्य, आणि त्यातही हौशी बालसाहित्य, तिच्या दारापर्यंत क्वचितच पोहोचते. एकीकडे अभिप्रायाला आसुसलेले लेखन आणि दुसरीकडे अभिप्राय देण्यास शिकणारा विद्यार्थी, अशी ही दोन माणसे एकाच गावात राहून एकमेकांस अनोळखी आहेत. त्यांची गाठ घालून देणे हाच हौशी बालसाहित्याचा गौरव करण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग होय.

परंपराच हौशींची

‘हौशी’ हा शब्द आपल्याकडे किंचित हिणवण्याच्या सुरात उच्चारला जातो. बालसाहित्याच्या बाबतीत तरी त्यास आधार नाही. मुलांसाठी लिहिण्याची वाट बव्हंशी अशा माणसांनीच पाडली आहे, ज्यांचे पोट लेखनावर नव्हते. मराठीत विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक सुरू केले. ते शिक्षणखात्यात काम केलेले गृहस्थ होते. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हे हस्तलिखित चालवीत होते. छापखाना नाही, वर्गणीदार नाहीत, परीक्षणे नाहीत; वाचक म्हणजे रोज समोर दिसणारी मुले. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली, तेव्हा तिची रचना रोज रात्री सांगितल्या जाणाऱ्या आठवणींची झाली आणि प्रकरणांना ‘रात्र’ हे नाव मिळाले. ऐकणारा समोर बसला आहे ही जाणीव त्या पुस्तकाच्या बांधणीतच आहे. वसतिगृहातील त्या रोजच्या लेखनाचा संस्कार येथे कामी आला असेल, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

इंग्लंडातील उदाहरणे तर सर्वश्रुत आहेत. ‘ॲलिस’चा कर्ता लुई कॅरल म्हणजे ऑक्सफर्डमध्ये गणित शिकविणारे चार्ल्स डॉजसन. ४ जुलै १८६२ रोजी नौकाविहारात तीन बहिणींना त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि त्यांतल्या ॲलिसच्या आग्रहास्तव ती पुढे लिहून काढली. १८६४ च्या नोव्हेंबरात त्यांनी तिला स्वतःच्या चित्रांसह जे हस्तलिखित भेट दिले, ते आपल्या शालेय हस्तलिखितांचेच भावंड होते. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांच्या पीटर सशाची कथा १८९३ साली एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रातून जन्मली. काही वर्षांनी त्यांना तिचे पुस्तक करावेसे वाटले, तेव्हा त्या मुलाने ते पत्र जपून ठेवले होते म्हणून ते परत मिळाले. प्रकाशकांनी नाकारल्यावर १९०१ च्या डिसेंबरात त्यांनी स्वखर्चाने २५० प्रती छापल्या.

अभिप्रायाने काय साधते

या कथा सांगताना सहसा लेखकाच्या प्रतिभेवर भर दिला जातो. परंतु त्यांत आणखी एक पात्र आहे आणि ते म्हणजे पहिला वाचक. डॉजसन यांचे लेखन त्यांचे स्नेही लेखक जॉर्ज मॅकडोनल्ड यांच्या घरी गेले. तेथे आईने ते मुलांना मोठ्याने वाचून दाखविले आणि सहा वर्षांच्या मुलाने या पुस्तकाच्या साठ हजार प्रती निघाव्यात अशी इच्छा बोलून दाखविली. या प्रतिसादाने लेखकास छापण्याचा धीर आला. आणि ते लेखन होते तसेच छापले गेले नाही, हे अधिक महत्त्वाचे. चेशायरचे मांजर आणि वेड्यांचे चहापान हे आज जगाच्या तोंडी असलेले प्रसंग मूळ हस्तलिखितात नव्हते. १८६५ सालच्या छापील पुस्तकात ते आले. हौशी लेखन वाढू शकते, पण त्याला कोणीतरी ऐकल्याची खूण मिळाली म्हणजे.

टॉल्किन हे प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक. घरच्या मुलांसाठी रचलेली त्यांची ‘हॉबिट’ ही कथा १९३६ साली प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी ती आपल्या दहा वर्षांच्या मुलाच्या हाती दिली आणि लेखी अभिप्रायाबद्दल त्याला एक शिलिंग दिला. मुलाने गोष्टीचा सारांश लिहिला, ती चांगली असल्याचे सांगितले आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना ती आवडेल असा निर्वाळा दिला. दहा वर्षांच्या परीक्षकाने आपल्याहून लहानांची शिफारस करावी यातील गंमत बाजूला ठेवली, तरी एक तत्त्व उरतेच. बालसाहित्याचा निवाडा मुलाला वगळून करता येत नाही.

विद्यार्थ्याची अडचण

सर्जनशील लेखनाच्या विद्यार्थ्यापुढे अशी एखादी हौशी गोष्ट आली तर काय घडेल? खानदेशातील एखाद्या खेड्यातील प्राथमिक शिक्षकाने आठवडी बाजारात हरवलेल्या करडाची गोष्ट लिहिली आहे, अशी कल्पना करावी. विद्यार्थ्यापुढे दोन सोपे रस्ते असतात. पहिला संकोचाचा. लेखक वयाने वडील, त्यातून गुरुजी; त्यांना उणे कसे दाखवावे? मग ‘सर, फारच सुंदर’ एवढे बोलून तो मोकळा होतो. दुसरा रस्ता पांडित्याचा. वर्गात नुकतीच शिकलेली मापे तो गोष्टीला लावतो. विशेषणे फार आहेत, निवेदनाचा दृष्टिकोन स्थिर नाही, शेवटी तात्पर्य आहे आणि तात्पर्य कलेला मारक असते, अशी यादी तयार होते. पहिल्या उत्तराने गुरुजींना काहीच मिळत नाही. दुसऱ्याने मिळते ते एवढेच, की आपण लिहू नये.

या दोहोंहून निराळा अभिप्राय कसा असेल? विद्यार्थी प्रथम ती गोष्ट तिसरी-चौथीच्या मुलांना वाचून दाखवील आणि वाचताना गोष्टीपेक्षा मुलांकडे अधिक लक्ष देईल. त्याच्या ध्यानात येईल की, करडू हरवल्यानंतर गुरुजी दीड पान बाजाराचे वर्णन करतात आणि नेमकी तेथेच मुलांची चुळबूळ सुरू होते. त्यांना करडाचे काय झाले हे हवे असते. उलट आजीच्या तोंडी घातलेले अहिराणीतील एकच वाक्य ऐकून सगळा वर्ग खुदकन हसतो. पुस्तकी मराठीतील पानभर मजकुरात तेवढे एक वाक्य घरचे असते. शेवटच्या परिच्छेदात ‘म्हणून मुलांनो’ असा सूर लागला की, मुले गोष्ट संपली असे समजून उठू लागतात. अर्थात तात्पर्याविषयी लेखकाशी वादच घालायला नको. मुले कोणत्या ओळीला उठली, एवढे सांगितले की पुरे. मग विद्यार्थी लिहील: बाजार जरूर असू द्यावा, पण तो करडाच्या नजरेतून दिसावा, आजीला आणखी बोलू द्यावे, आणि करडू घरी पोहोचले तेथे थांबावे. हा अभिप्राय घेऊन शिक्षक दुसरा खर्डा लिहावयास बसू शकतो. अभिप्रायाची कसोटी हीच. ज्याने लेखकाला पुन्हा टेबलाशी बसावेसे वाटते तो अभिप्राय, मग त्यात स्तुती असो वा दोषदिग्दर्शन.

यात विद्यार्थ्याचाही लाभ आहे आणि तो लहान नाही. सहाध्यायी सौजन्याने कंटाळा लपवितात. आठ वर्षांचे मूल तो लपवीत नाही. कोणते वाक्य लांबले, कोणता शब्द अडला, कोणत्या प्रसंगी श्वास रोखला गेला, याचे इतके निर्मळ उत्तर कोणत्याही कार्यशाळेत मिळणार नाही. मुलांसमोर एक गोष्ट वाचून पाहिलेला विद्यार्थी स्वतःची कथाही निराळ्या कानांनी ऐकू लागेल.

एक भेद मात्र कटाक्षाने पाळावयास हवा. मुलांसाठी मोठ्यांनी लिहिलेले आणि मुलांनी स्वतः लिहिलेले, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिल्यात लेखकाची जबाबदारी प्रौढाची असते. दुसऱ्यात लेखणी नुकतीच हाती आलेली असते आणि तेथे लाल शाईचा पहिला फटकारा पुष्कळदा शेवटचा ठरतो. मुलाने पावसावर आठ ओळी लिहिल्या तर ऱ्हस्वदीर्घाच्या खुणांआधी त्याला प्रश्न विचारावा: पाऊस आला तेव्हा तू कोठे होतास? कसला आवाज झाला? कोण भिजले? त्याच्या उत्तरांतून पुढल्या आठ ओळी आपोआप येतात. शुद्धलेखन आवश्यकच आहे. पण ते छापण्यापूर्वीचे काम आहे, लिहिण्यापूर्वीचे नव्हे. १९८५ पासून निघणाऱ्या ‘चकमक’ या हिंदी मासिकाने मुलांचे लेखन त्यांच्याच बोलीच्या चवीसह छापण्याची रीत पाडली. मराठीत ‘बालभारती’चे ‘किशोर’ १९७१ पासून मुलांच्या हाती पडत आहे. मुलांच्या शब्दांना छापील पानाचा मान देता येतो, हे या वाटेने सिद्ध झालेले आहे.

एक आक्षेप

यावर असे म्हटले जाईल की, हौशी बालसाहित्यातील बराचसा भाग सुमार असतो. तीच यमके, तोच चांदोबा, तेच आज्ञाधारक बाळ. मग सुमार लेखनावर एवढे श्रम कशाला? आक्षेप खोटा नाही. किंबहुना त्यामुळेच निव्वळ कौतुक घातक ठरते. कारण ते सुमारपणाला कायमचे प्रशस्तिपत्र देते. परंतु उपेक्षेनेही लेखन सुधारत नाही. आणि प्रत्येक हस्तलिखितातून ‘ॲलिस’ निघावी अशी अपेक्षाही कोणी बाळगू नये. करडाच्या गोष्टीचे मोल ती जगप्रसिद्ध होण्यात नाही. आपल्याच तालुक्याचा बाजार, आपल्याच आजीची बोली आणि आपल्या ओळखीची धूळ गोष्टीत असू शकते, हे त्या गावच्या मुलाला प्रथमच कळते यात आहे. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाकडून ही गोष्ट त्याच्यापर्यंत कधीच येणार नव्हती. ती तेथील हौशी माणसानेच लिहावयाची असते, आणि म्हणूनच त्याने ती अधिक चांगली लिहावी यात साऱ्या समाजाचे हित आहे.

यासाठी मोठ्या निधीची वा नव्या समितीची गरज नाही. सर्जनशील लेखनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात, एका हौशी बालसाहित्यकृतीचे मुलांसमोर वाचन आणि त्यावर लेखकास पाठविलेले तपशीलवार पत्र, एवढा एक स्वाध्याय ठेवता येईल. शाळांनी आपले हस्तलिखित कपाटात ठेवण्यापूर्वी शेजारच्या गावच्या शाळेत महिनाभर धाडावे आणि ते तेथील मुलांच्या चिठ्ठ्यांसह परत यावे. १९६७ च्या कायद्याने ग्रंथालयांचे जे जाळे राज्यात उभे राहिले, त्यातील तालुक्याच्या ग्रंथालयांना अशी हस्तलिखिते आणि स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिका बालविभागात ठेवणे अवघड नाही. पुस्तक प्रकाशनाच्या समारंभात चार भाषणांपैकी दोन कमी करून त्या वेळात पुस्तकातील दोन गोष्टी समोर बसलेल्या मुलांना वाचून दाखवाव्यात. वक्ते कदाचित नाराज होतील. लेखक होणार नाही.

शाल एका हिवाळ्यापुरती असते आणि श्रीफळ दुसऱ्या दिवशी फुटते. कोणीतरी आपली गोष्ट शेवटपर्यंत वाचली, ती मुलांना ऐकविली आणि कोठे ती पकड सोडते हे पत्राने कळविले, हा मान त्याहून अधिक टिकणारा आहे. हौशी बालसाहित्यिकाला आजवर तोच मान मिळालेला नाही, आणि तो देण्यासाठी एक वाचक, थोडी मुले आणि एक पोस्टकार्ड एवढेच लागते.