आधी यंत्राचे घड्याळ पाहा

नवरात्रात तुळजापुरात गर्दी उसळली की मोबाइलचे नेटवर्क दमते. त्यामुळे आरोग्य केंद्रातले एखादे यंत्र मधूनच माहिती पाठवेनासे झाले, की खापर नेटवर्कवर फुटते. बऱ्याचदा ते खरेही असते. पण पडद्यावर ‘सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही’ असे दिसत असेल, तर दुखणे दुसरीकडे असू शकते.

लसींच्या फ्रिजचे तापमान नोंदवणारे उपकरण, रक्त तपासणारा अॅनालायझर, रुग्णाच्या उशाशी असलेला मॉनिटर या अनेकांच्या पोटात आज छोटा संगणक असतो. काहींत वेब सर्व्हरही असतो, म्हणून त्यांचे आकडे दुसऱ्या खोलीतल्या ब्राउझरवर दिसतात. वाटेत ते कुणी वाचू वा बदलू नयेत यासाठी कूटबद्ध केले जातात. त्याआधी समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासले जाते. त्यावर ते कधीपासून कधीपर्यंत वैध, हे लिहिलेले असते.

इथे घड्याळाचा प्रश्न येतो. वीज गेल्यावर यंत्रातली वेळ नाण्याएवढ्या सेलवर टिकते. तो संपला असेल तर वीज परतताच काही यंत्रे थेट १ जानेवारी १९७० ला जातात. त्या तारखेला समोरचे प्रमाणपत्र जन्मलेलेच नसते, मग यंत्र जोडणी नाकारते. थोड्या वेळाने नेटवर्कवरून वेळ मिळते आणि सारे सुरळीत होते. तंत्रज्ञ येईपर्यंत रोगी ठणठणीत! हिवतापात ताप कधी चढतो हे विचारतात, तसेच इथे विचारावे: वीज गेल्यानंतर बिघडते, की तीन-चार संगणकांवर एकाच वेळी पान उघडल्यावर? दुसरे असेल तर मेमरी अपुरी पडत असावी. प्रत्येक सुरक्षित जोडणी ती बरीच खाते.

दुखणे वाढण्याची चिन्हे आहेत. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ज्याच्या आधारावर चालत होते ते एक जुने मूळ प्रमाणपत्र संपले आणि अद्ययावत न केलेली कितीतरी उपकरणे जगभर अडली. आता सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून टप्प्याटप्प्याने कमी करायचे एप्रिल २०२५ मध्ये ठरले: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२९ च्या मार्चपासून ४७. हाताने नूतनीकरण करण्याची पद्धत त्यापुढे टिकणार नाही.

अशा वेळी सुचणारा सोपा उपाय म्हणजे कूटबद्धताच बंद करणे. यंत्र लगेच चालू लागते, म्हणूनच तो घातक. मग त्याच वायफायवरचा कुणीही रुग्णाचा एचआयव्ही अहवाल वाचू शकतो. उलट बिघाड तसाच राहू दिला तर फ्रिज बिघडल्याचा रात्रीचा इशारा पोहोचत नाही. बऱ्याच लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. हिपॅटायटिस बीची लस गोठली तर निकामी होते.

सेल काही रुपयांचा असतो. वार्षिक देखभाल करारात तो बदलणे आणि प्रमाणपत्राचे नूतनीकरण ही दोन्ही कामे स्पष्ट लिहून घ्यायला हवीत. आज असे करार बहुधा वायर, स्क्रीन आणि सुट्या भागांपुरतेच असतात.