ई-टाइपचा मोह आवरा

कॉव्हेंट्रीजवळच्या एका गॅरेजात बावीस वर्षं जुन्या गाड्यांखाली पडून काढली. त्या जोरावर सांगतो: संग्रहासाठी पहिलीच गाडी घेत असाल, तर ब्रिटिश जॅग्वार ई-टाइप नको, जपानी डॅटसन २४०झेड घ्या.

ई-टाइप १९६१ची, विमानांच्या क्षेत्रातून आलेल्या माल्कम सेयरने रेखलेली. ते लांब नाक दिसलं की आजही माझ्या हातातला पाना थांबतो. पण तिचे मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नाहीत, आत डिफरन्शियलला चिकटलेले. नीट काम करायचं तर बहुधा मागचा अख्खा सांगाडा उतरवावा लागतो. बिल देताना मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. सुरुवातीच्या ३.८ लिटरवालीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेशही नाही.

१९६९ची झेड साधी. सहा सिलिंडर, २.४ लिटर, दोन कार्ब्युरेटर, सगळं हाताशी. दीड लाखाहून जास्त बनल्या. ई-टाइप त्याच्या निम्म्याही नाहीत. गंज मात्र दोघींना खातो. झेडच्या बॅटरीखालचा पत्रा आधी ठोकून बघा, मगच भावाचं बोला.

माझ्या दारात झेड आहे. बायको अजून विचारते, “ती लांब नाकवाली का नाही घेतलीत?”