वाया गेलेला दहा नंबर

परवा आमच्याकडे एक लग्न झालं. दुपारच्या पंगती उठल्या, मंडळी पान खात मांडवात टेकली आणि विषय फुटबॉलवर गेला. कोल्हापुरातलं लग्न, त्यामुळे यात नवल काही नाही. पेठेतल्या तालमींच्या मॅचवरून सुरू झालेली चर्चा आमच्याकडे जगभर फिरून येते. त्यात माझा मामेभाऊ (आम्ही त्याला दादा म्हणतो, राहतो न्यू जर्सीला) मला म्हणाला, "तुझा तो पोर्तुगीज रे, रुई कोस्टा. काय खेळायचा! पण सात वर्षं त्या फिओरेन्टिनात काढली. करिअर वाया घालवलं बघ."

मी तेव्हा काही बोललो नाही. एक तर तोंडात पान होतं. शिवाय वाक्याचा रोख थोडा माझ्याकडेही होता, आणि ते शेजारच्या चार जणांना कळलं होतं. मी एकाच फौंड्रीत एकोणीस वर्षं ड्रॉइंगं करतोय, दोनदा पुण्याहून बरी ऑफर आली, गेलो नाही, हे सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. असो. माझ्याकडे नंतर येऊ. आधी रुई कोस्टा, कारण तो बिचारा उत्तर द्यायला मांडवात नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९७२, लिस्बनजवळचा. पोरगा बेनफिकाच्या तालमीत वाढला. १९९१ ची युवा विश्वचषक स्पर्धा पोर्तुगालातच झाली. फायनल ब्राझीलशी, बेनफिकाच्याच मैदानावर, लाखाच्या वर माणसं. गोल नाही, पेनल्टी शूटआउट, आणि शेवटची विजयी पेनल्टी मारली याने. त्याच संघात फिगो होता. पुढे १९९४ मध्ये बेनफिकाने लीग जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात याला फिओरेन्टिनाला विकलं. २००१ पर्यंत तो फ्लॉरेन्समध्ये, मग पाच वर्षं मिलानमध्ये, आणि २००६ मध्ये मिलानचा पगार सोडून परत बेनफिकाला. ११ मे २००८ ला शेवटची मॅच.

आता दादाचा हिशोब. फिगो १९९५ ला बार्सिलोनाला गेला, २००० मध्ये रिआल माद्रिदला, त्याच वर्षी बॅलन डी'ओर, २००२ ला चॅम्पियन्स लीग. आणि रुई कोस्टाने फ्लॉरेन्समध्ये सात वर्षांत काय मिळवलं? दोन इटालियन कप (१९९६ आणि २००१) आणि एक सुपर कप. लीग एकदाही नाही. म्हणजे वाया.

हा हिशोब खोटा आहे असं मी म्हणणार नाही. आकडे बरोबरच आहेत. फक्त तो कोणाचा हिशोब आहे, ते जरा बघूया.

१९९८-९९ चा मोसम घ्या. प्रशिक्षक त्रापात्तोनी. अर्धा मोसम संपला तेव्हा फिओरेन्टिना पहिल्या नंबरवर होती. पुढे बातिस्तुता, मागे पास देणारा रुई कोस्टा. फेब्रुवारीत बातिस्तुता जखमी झाला, आणि दुसरा फॉरवर्ड एडमुंडो त्याच सुमारास कार्निव्हलसाठी रिओला निघून गेला! (हे मी रचलेलं नाही. आमच्याकडे गावच्या जत्रेसाठी रजा टाकणारे कामगार आठवले की मला एडमुंडोची आठवण येते.) संघ शेवटी तिसरा आला. आता मला सांगा, ते विजेतेपद रुई कोस्टाने घालवलं का? पण दादाच्या वहीत ते त्याच्याच नावावर 'शून्य' म्हणून पडणार.

बर्लिनचंही तसंच. सप्टेंबर १९९७, विश्वचषकाची पात्रता फेरी, जर्मनीविरुद्ध पोर्तुगाल एका गोलने पुढे. रुई कोस्टाला बदललं जात होतं, तो मैदानाबाहेर चालत निघाला होता. रेफरी मार्क बाता यांना वाटलं की हा मुद्दाम सावकाश चालतोय, आणि त्यांनी दुसरं पिवळं कार्ड काढलं. म्हणजे लाल. बदली खेळाडू बाहेरच राहिला, पोर्तुगाल दहा जणांवर, थोड्या वेळाने जर्मनीची बरोबरी. पोर्तुगाल गटात तिसरं आलं आणि १९९८ चा विश्वचषक हुकला. पंचवीस-सव्वीस वर्षांचं ऐन वय, आणि विश्वचषक घरी बसून बघायचा. चालण्याच्या वेगावरून! त्याच्या वाट्याला विश्वचषक आला तो एकच, २००२ चा, आणि तिथे संघ पहिल्याच फेरीत गारद झाला.

माझी खरी तक्रार मात्र नशिबाबद्दल नाही. ती आहे मिडफिल्डर नावाच्या माणसाचं काम मोजायच्या पद्धतीबद्दल.

युरो २०००, १२ जून, पोर्तुगाल-इंग्लंड. आपल्याकडे रात्री सव्वाबाराला मॅच सुरू झाली. होस्टेलवर आम्ही सहा जण एका चौदा इंची टीव्हीसमोर. अठरा मिनिटांत इंग्लंड दोन गोलने पुढे, आमच्यातले तिघे झोपायला गेले. (त्यातला एक अजून पस्तावतो.) मग फिगोने लांबून एक जबरदस्त गोल मारला. नंतर रुई कोस्टाचा क्रॉस, जोआव पिंटोचं हेडर, दोन-दोन. पुढे रुई कोस्टाचा पास, नुनो गोम्सचा गोल, तीन-दोन. सकाळी मेसमध्ये पेपर उघडला तर गोल करणाऱ्यांची तीन नावं ठळक. ज्याच्या पायातून मॅच फिरली त्याचं नाव शोधायला मला खालपर्यंत जावं लागलं.

मिलानमध्ये तर कहरच. २००१ मध्ये चार कोटी युरोंहून जास्त मोजून त्याला घेतलं, क्लबची तोवरची सर्वांत महागडी खरेदी. पाच मोसमांत लीगमधले त्याचे गोल एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. झालं, 'फसलेली खरेदी'. पण २००३ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा फायनलला सुरुवातीपासून मैदानावर होता तो हाच, शेवचेन्को आणि इंझागीच्या मागे. त्याच उन्हाळ्यात काका आला, आणि हा हळूहळू बाकावर सरकला. त्याने त्यावरून काही तमाशा केल्याचं मला तरी आठवत नाही.

आता उलट बाजूच्या मंडळींकडेही वळतो, कारण लग्नात एक काका लगेच माझ्या मदतीला धावून आले. म्हणाले, "अरे, निष्ठा म्हणतात याला! आजकाल कुठे राहिलीय?" काका, माफ करा, पण ही मदत मला नको आहे. रुई कोस्टा बेनफिकाचा भक्त, हे खरं. पण १९९४ ला त्याला बेनफिकाने विकलं आणि २००१ ला फिओरेन्टिनाने विकलं, दोन्ही वेळा क्लबला पैशांची निकड होती म्हणून. फिओरेन्टिनाने त्याला विकूनही पुढच्या वर्षी, २००२ मध्ये, दिवाळं काढलंच, आणि नव्या नावाने चौथ्या श्रेणीतून सुरुवात केली. इथे निष्ठेचा काय संबंध? संस्था माणसाला विकते तेव्हा ताळेबंद बघते. माणूस राहिला की मात्र आपण त्याला हार घालून निष्ठावंत म्हणतो, म्हणजे पगार वाढवायचा प्रश्नच मिटला. (हे माझ्या मालकांनी वाचू नये :) )

तो सात वर्षं फ्लॉरेन्समध्ये राहिला, कारण तिथे त्याला त्याचं काम करायला मिळत होतं, असं मी समजतो. अख्खा संघ त्याच्या पासची वाट बघायचा. शर्ट बाहेर, मोजे घोट्यापर्यंत उतरलेले, आणि बॉल पायाशी येण्याच्या आधीच मान वळवून पुढचं बघून झालेलं. फ्लॉरेन्सच्या लोकांनी सात वर्षं दर पंधरवड्याला हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. ते वाया कसं गेलं? कोणासाठी वाया गेलं?

दादा म्हणेल, शेवटी इतिहासात राहतात ते कपच. मग बेनफिकाकडेच बघ. परत आल्यावर दोन वर्षांत त्याने लीग जिंकली नाही, संघ तिसरा आणि मग चौथा आला. तरी बूट काढल्या काढल्या क्लबने त्याच्याकडे फुटबॉलचा कारभार दिला, २०२१ मध्ये सभासदांनी त्याला अध्यक्ष केलं आणि २०२५ मध्ये पुन्हा निवडून दिलं. अध्यक्ष म्हणून तो थोर आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या खरेदी-विक्रीवर तिथली माणसं भरपूर चिडतात, आणि चिडावंच. पण वाया गेलेल्या माणसावर कोणी इतकं चिडत नाही.

बरं, माझं. फौंड्रीत मी ठरवतो की साच्यात रस कुठून शिरेल, कुठे वळेल, कुठे थांबेल. चुकलं तर कास्टिंगला आत पोकळी राहते आणि मग सगळे माझं नाव घेतात. बरोबर आलं तर ते मशिनिंगला जातं, रंग लागतो, वरती दुसऱ्याच कंपनीचा शिक्का येतो. यात मला दुःख नाही. दुःख होतं ते पानाच्या तबकासमोर कोणी 'अजून तिथेच का रे?' असं विचारतं तेव्हा, आणि मला पटकन उत्तर सुचत नाही.

दादा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे. वहिनींना नमस्कार सांग. आणि एक काम कर, ती इंग्लंडची मॅच नेटवर आहे, एकोणसाठावं मिनिट काढ. नुनो गोम्सकडे बघू नकोस. त्याच्या आधीचे चार सेकंद बघ आणि मग मला फोन कर, रात्री कितीही वाजता.