धावणार कुठे, ते आधी सांगा

फज्रनंतर पांडवलेणीच्या पायऱ्यांवर किंवा अंजनेरीच्या वाटेवर धावणारी आपली मुलं-मुली आता दिसू लागली आहेत. पालक आम्हाला विचारतात, "किती हजारांचे बूट घ्यावेत?" आम्ही उलट विचारतो, "धावणार कुठे?"

कारण नाशिकची जमीन एक नाही. निफाड-सिन्नरकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बूट मणाचे होतात. तिथे सोलचे दात खोल हवेत, पाच-सहा मिलिमीटर, आणि एकमेकांपासून लांब, म्हणजे चिखल आपोआप गळतो. उन्हाळ्यातल्या सुट्या मुरमावर तीन-चार मिलिमीटरचे, जवळजवळ बसवलेले दात पुरतात. त्र्यंबक-इगतपुरीकडचा ओला कातळ मात्र फसवा. तिथे खोल दातांचा उपयोग नाही, उलट टेकायला जागा कमी मिळते. मऊ, चिकटून बसणारं रबर हवं. नखाने दाबून बघा, प्लास्टिकसारखं टणक लागलं तर ठेवून द्या. शेवाळावर तर कोणताच बूट भरवशाचा नाही, तिथे चालतच जावं.

पाणी आत न येणारे बूट दुकानदार आग्रहाने दाखवतो. आमच्या मुसळधार पावसात पाणी वरून घोट्यातून शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. जाळीदार कापड बरं. बाभळीच्या काट्यांच्या माळावर मात्र सोल पातळ नको.

काही जण म्हणतात, आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊत लहानपणी अनवाणीच धावल्या ना? खरं आहे. पण २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक त्यांनी तयार केलेल्या ट्रॅकवर, पायात बूट घालून मिळवलं.

आमची खरी तक्रार घरातल्या दोन सवयींबद्दल आहे. "पाय वाढतोय, दोन नंबर मोठे घ्या," ही एक. पुढे अंगठ्याएवढी जागा हवीच, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. पण टाच हलता कामा नये. दुसरी सवय अधिक वाईट: मुलाला नवे बूट, मुलीला भावाचे जुने. त्या बुटात भावाच्या पायाचा साचा बसलेला असतो, दात झिजलेले असतात. उतारावर तिचा घोटा मुरगळला की घरात लगेच निकाल, "पोरींनी डोंगरावर जाऊच नये." अम्मी-अब्बूंनो, दोष डोंगराचा नव्हता, बुटाचा होता.

एकच जोड परवडत असेल तर जिथे आठवड्यातून जास्त दिवस धावायचं, त्या जमिनीचा घ्या. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि धावताना घालायचे मोजे सोबत न्या. भिजलेला जोड उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, चिकटवलेला सोल सुटतो. आत जुनी वर्तमानपत्रं कोंबा, तासाभराने ती बदला आणि पंख्याखाली ठेवून द्या.