विद्यार्थ्यांची भीती आणि भीतीचे व्यापारी

२०२० च्या करोना साथीत विद्यार्थी चिंतेने ग्रासले गेले, तेव्हा शहाण्यासुरत्यांनी दोष दिला तो त्यांच्या हातातील मोबाइलला आणि दुबळ्या मनाला. हे निदान सोयीचे आहे, खरे नाही.

महाराष्ट्रातील अंतिम वर्षाच्या परीक्षांचेच पाहा. त्या न घेण्याचा निर्णय राज्य सरकारने जूनमध्ये जाहीर केला. सप्टेंबरअखेर त्या घ्याव्यात, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलैला बजावले. परीक्षेविना पदवी नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २८ ऑगस्ट उजाडला. तोवर विद्यार्थ्याने विश्वास कोणावर ठेवायचा होता? सत्ताधारी परस्परविरोधी बोलत राहिले. मधली पोकळी व्हॉट्सअ‍ॅपवरील अफवांनी भरून काढली.

फेसबुक व व्हॉट्सअ‍ॅप यांची मालक कंपनी एकच, आणि तिचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे. माणूस जितका वेळ पडद्याला खिळेल तितका नफा अधिक. आणि भयाइतके खिळवून ठेवणारे दुसरे काय आहे? विद्यार्थ्याची भीती हा या धंद्याचा कच्चा माल आहे.

तेव्हा केवळ समुपदेशनाने भागणार नाही. विद्यार्थ्यांविषयीचा प्रत्येक निर्णय एकाच अधिकृत ठिकाणाहून, ठरल्या वेळी, मराठीतून आणि कारणांसह जाहीर झाला पाहिजे. विद्यार्थी संघटनांनी ही मागणी पुढल्या साथीची वाट न पाहता आजच लावून धरावी.