पंधरा मिनिटांचा अंधार

एप्रिलमधला शनिवार. दुपारी बेडशाची लेणी बघितली. पायऱ्या चढून घामाघूम झालो आणि कातळातल्या विहारात शिरल्यावर एकदम गार! मग पवना धरणाजवळच्या एका कॅम्पवर मुक्काम. संध्याकाळी लाईट गेली, जनरेटर सुरू झाला. दोन कूलर, स्पीकर, दिव्यांच्या माळा आणि पंधरा जणांचे मोबाईल. नऊच्या सुमारास भप्पकन सगळं बंद. पेट्रोल संपलं होतं.

"साहेब, जरा गार होऊ द्या, मग ओततो," कॅम्पवरचा पोरगा म्हणाला.

"अरे, गाणं अर्धं राहिलं ना! लाव पटकन," आमच्यातून आवाज आला. खोटं कशाला बोलू, त्यात माझाही होता. मालकानेही डोळे वटारले. पोराने बॅटरी तोंडात धरली आणि तापलेल्या जनरेटरमध्ये कॅनने पेट्रोल ओतलं. काही झालं नाही. टाळ्या वाजल्या.

हे 'काही झालं नाही'च मला तेव्हापासून छळतंय. आमच्या धंद्यात प्रॉडक्शनमध्ये बग असतो, वर्षभर काही होत नाही, आणि सगळे समजतात की कोड बरोबर आहे. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. उन्हाळ्यात ती भराभर उठते, हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, आणि शेजारी तापलेला सायलेन्सर असतो. म्हणून जनरेटर बंद करायचा, पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्यायचा आणि मगच पेट्रोल ओतायचं. तेही टाकी काठोकाठ न भरता, कारण उन्हात पेट्रोल फुगतं. त्या पोराला हे माहीत होतं. आम्हा इंजिनिअर मंडळींना नव्हतं!

दुसरी गंमत सकाळी दिसली. आवाज नको म्हणून जनरेटर पत्र्याच्या बंद खोलीत ठेवलेला. एकच दार, आणि दारापाशी त्या पोराची वळकटी. लॅपटॉप गादीवर ठेवून काम केलं तर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. जनरेटरचंही तेच, फक्त तो धूरही सोडतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. दार उघडं ठेवून भागत नाही. जनरेटर हवा तो उघड्यावर, तंबूंपासून आणि माणसांपासून निदान वीस फूट लांब, धुराचं तोंड पलीकडे. डोक्यावर सावली जरूर द्या, पण चारही बाजू मोकळ्या. लेण्यातल्यासारखी सावली त्यालाही लागते, शिवाय वाराही लागतो.

आणि लोड. मावळ समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. हवा विरळ, त्यात ऊन. साध्या ठोकताळ्याने उंची आणि उष्णता मिळून दहाएक टक्के ताकद जाते. म्हणजे दोन किलोवॅटचा जनरेटर इथे एप्रिलात फार तर एक-आठचा. त्यावरही सतत ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त लादू नये, म्हणजे राहिले जेमतेम चौदाशे-साडेचौदाशे वॅट. दोन कूलर आणि मोठा स्पीकर झाला की हिशोब संपत आला. उन्हाळ्यात जमीन सुकते तशी अर्थिंगही कमजोर होते, म्हणून त्या खड्ड्यात पाणी ओतत राहायला हवं.

कोणी म्हणेल, ही मालकाची जबाबदारी. आहेच. पण मालक ऐकतो कोणाचं? पैसे देणाऱ्याचं. अंधार झाला की आपण ओरडतो, म्हणून पोरगा घाई करतो. आवाजाची तक्रार आपण करतो, म्हणून जनरेटर खोलीत जातो. माझ्या मते सगळ्यात स्वस्त सेफ्टी डिव्हाइस म्हणजे गिऱ्हाईकाचा धीर.

तेव्हा बुकिंग करताना स्विमिंग पूल आहे का, हे विचारतोच, तसं जनरेटर कुठे ठेवलाय आणि रात्री त्याच्याजवळ कोण झोपतं, हेही विचारा. आणि पेट्रोल संपलं तर पंधरा मिनिटं अंधारात बसा. पटलं तर घ्या. मी मात्र पुढच्या वेळी त्या पोराला आधीच सांगणार आहे, "घाई नको रे. गार होऊ दे."