ऑक्सिमीटरवर भिस्त नको

धाप लागलेल्या रुग्णाला बोटावरचा ऑक्सिमीटर पुरे, कॅप्नोग्राफ म्हणजे बिल फुगवणे, असे गेल्या अंकातील एका पत्रात म्हटले आहे. बिलांवरचा राग रास्त. निष्कर्ष मात्र धोक्याचा. सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट विकाराच्या रुग्णाला भरपूर ऑक्सिजन लावला की आकडा ९८ दिसतो, नातेवाईक निश्चिंत होतात, आणि तिकडे कार्बन डायऑक्साइड साचून त्याला गुंगी येऊ लागते. (म्हणून तर अशांसाठी ८८ ते ९२ टक्केच लक्ष्य ठेवतात.) नाकाशी लावलेल्या नळीतून उच्छ्वास तपासणारा कॅप्नोग्राफ सुई न टोचता श्वासागणिक कार्बन डायऑक्साइडचा कल दाखवतो; निरोगी माणसात पाऱ्याचे ३५ ते ४५ मिलिमीटर. फुप्फुस फार बिघडले असेल तर हा आकडा रक्तातल्यापेक्षा बराच कमी येतो, तेव्हा धमनीतले रक्त तपासावेच लागते. आक्षेप घ्यायचाच होता, तर तो इथे घ्यायचा.

– एक भूलतज्ज्ञ, सातारा